मुलगा दुबईत, मग घर कुणाच्या नावावर?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकचे. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, मी शाळेतून. मुलगा तीन वर्षांपासून दुबईत एका मालवाहतूक कंपनीत नोकरीला आहे, लग्न व्हायचं आहे. मुलगी कोल्हापूरला सासरी. राहता फ्लॅट सोडून इंदिरानगरला आमचा आणखी एक फ्लॅट आहे. यांनी तो २००४ मध्ये आठ लाखांना घेतला. महिना चौदा हजार भाडं येतं. एजंट म्हणतो, आज पंच्याऐंशी लाख येतील.

गेल्या महिन्यात मुंबईत एका हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन होतं, तिथे हे जाऊन आले. जुमेरा व्हिलेज सर्कलमध्ये चारशे चौरस फुटांचा एका खोलीचा स्टुडिओ, साडेसात लाख दिरहम, ताबा २०२८ मध्ये. वीस टक्के आत्ता, चाळीस टक्के बांधकाम चालू असताना, उरलेले चाळीस ताबा मिळाल्यावर तीन वर्षांत. सेल्समनने सांगितलं की कर शून्य, भाडं आठ टक्के, शेवटचे हप्ते भाड्यातूनच फिटतील आणि गोल्डन व्हिसा मिळेल. यांनी तिथल्या तिथे क्रेडिट कार्डावर दहा हजार दिरहम टोकन देऊन टाकलं. आता इंदिरानगरचा फ्लॅट विकायचा घाट घातलाय. म्हणतात, बाकीचे देश परक्याला दारात उभं करत नाहीत, दुबई करते. मुलगा म्हणतो, तुमच्या नावावर घ्या नाहीतर माझ्या, मला चालेल. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. करार व्हायचा आहे. सेल्समनचे रोज मेसेज येतात. काय करावं?

एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, करार झालेला नाही हे फार बरं झालं. दुबईला नावं ठेवायचं कारण नाही. पण जे घर तुमच्या यजमानांनी पसंत केलंय, ज्या पैशातून घ्यायचं ठरवलंय आणि ज्या नावावर घ्यायचं मनात आहे, त्यातलं एकही गणित मला जुळताना दिसत नाही. माझं मत आधीच सांगते: दुबईत घर घ्यायचंच असेल तर ते तुमच्या मुलाने, तिथला रहिवासी म्हणून, स्वतःच्या पगारावर आणि स्वतःच्या नावावर घ्यावं. तुम्ही हातभार लावा, मालक होऊ नका. आणि इंदिरानगरचा फ्लॅट विकू नका.

यजमानांचं एक म्हणणं खरं आहे. सिंगापूरमध्ये परक्याने घर घेतलं तर २०२३ पासून किमतीच्या साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. ऑस्ट्रेलियाने परदेशी माणसाला जुनं घर घ्यायला मार्च २०२७ पर्यंत मनाई केली आहे, कॅनडातही बंदी चालू आहे. दुबईने मात्र २००२ मध्ये परक्यांसाठी दार उघडलं आणि २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांत पूर्ण मालकी दिली. जुमेरा व्हिलेज सर्कल त्यातच येतं. तेव्हा मालकी खरी मिळते, यात फसवणूक नाही. फक्त जिथे साऱ्या जगाला घर घेता येतं, तिथे बिल्डरही साऱ्या जगासाठी बांधत सुटतात. तुमच्या इमारतीशेजारी पुढच्या तीन वर्षांत आणखी किती स्टुडिओ उभे राहतील, हे तुम्हाला नाशिकमध्ये बसून कळणार नाही. २००८ च्या मंदीत तिथले भाव कोसळले, कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले, काही रद्दच झाले. २०१४ नंतर पाच-सहा वर्षं भाव हळूहळू उतरत होते. आज तेजी आहे, म्हणून तर प्रदर्शन मुंबईच्या हॉटेलात भरलं.

आता पैशाकडे वळू. दिरहम चोवीस रुपये धरते. साडेसात लाख दिरहम म्हणजे एक कोटी ऐंशी लाख रुपये. त्यावर दुबई भूमी विभागाची नोंदणी फी चार टक्के, म्हणजे तीस हजार दिरहम, सव्वासात लाख रुपये. ताबा मिळेपर्यंत साठ टक्के भरायचे, म्हणजे एक कोटी आठ लाख. नोंदणी धरून एक कोटी पंधरा लाख.

समोर तुमचे पंच्याऐंशी लाख. पण ते पंच्याऐंशी नाहीत. आठ लाखांना घेतलेला फ्लॅट पंच्याऐंशीला विकला की सत्त्याहत्तर लाखांचा भांडवली नफा होतो. साडेबारा टक्क्यांनी, अधिभार आणि उपकर धरून कर अकरा लाखांच्या घरात जातो. महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना पर्याय तुम्हाला खुला आहे, पण तुमच्या आकड्यांत तो महाग पडतो. यजमान म्हणतील, घर विकून घर घेतलं की कर लागत नाही. लागत नाही, पण नवं घर भारतात असेल तर. २०१४ मध्ये कायद्यात ‘भारतात’ हा शब्द मुद्दाम घातला गेला. दुबईच्या घरावर ही सवलत नाही. प्रदर्शनातल्या सेल्समनला हे माहीत नसतं, किंवा असलं तरी तो बोलत नाही. त्याचा मेहनताना बिल्डर देतो, तुम्ही नाही.

म्हणजे हातात राहिले चौऱ्याहत्तर लाख आणि ताब्यापर्यंत लागणार एक कोटी पंधरा. एकेचाळीस लाख कुठून येणार? तुमच्या मुदत ठेवींतून. निवृत्तीच्या पैशातून.

आणि मग ते ‘भाड्यातून फिटतील’वाले शेवटचे चाळीस टक्के. तीन लाख दिरहम तीन वर्षांत, वर्षाला एक लाख. सेल्समनचं आठ टक्के भाडं अगदी खरं धरलं तरी वर्षाला साठ हजार दिरहम होतात. त्यातून देखभाल खर्च जाणार. तो दर चौरस फुटाला वर्षाला पंधरा दिरहम धरला तर सहा हजार. भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटची दलाली वेगळी. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर महिना-दीड महिना रिकामं राहणार, ते वेगळं. सगळं जाऊन पन्नास हजार हाती पडले तर नशीब म्हणायचं. उरलेले पन्नास हजार दिरहम, बारा लाख रुपये, दरसाल तीन वर्षं तुम्ही घालायचे. पेन्शनमधून?

चोवीस रुपयेही मी आजचे धरलेत. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ दिरहमला एक डॉलर. त्यामुळे डॉलर वर गेला की दिरहमही त्याच्यामागे. २०१५ मध्ये हाच दिरहम साडेसतरा रुपयांच्या आसपास होता. तुमचे हप्ते २०३१ पर्यंत चालतील आणि तुमचं उत्पन्न रुपयांत आहे.

हप्ता थांबला तर काय होतं, हेही यजमानांना वाचून दाखवा. दुबईच्या कायद्याप्रमाणे बिल्डर भूमी विभागाला कळवतो, विभाग तीस दिवसांची नोटीस देतो. तरीही पैसे आले नाहीत आणि बांधकाम साठ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असलं, तर करार रद्द करून घराच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत रक्कम बिल्डरला ठेवून घेता येते. भरलेल्या पैशाच्या नव्हे, घराच्या किमतीच्या. तुमच्या बाबतीत तीन लाख दिरहम. बहात्तर लाख रुपये.

आता आपल्याकडचे नियम. माझी उमेदीची वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. तिथे लोक घर ठरवून, टोकन देऊन, मग आमच्या टेबलापाशी यायचे. उलट करायला हवं.

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशात घर घेता येतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना आहे. माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बँकेमार्फत पाठवता येतात. तुमचा स्टुडिओ दोन लाख चार हजार डॉलरचा, म्हणजे मर्यादेत बसतो. पण मर्यादेत बसणं हा एवढाच प्रश्न नाही. पैसा स्वतःचा हवा. या कामासाठी बँक कर्ज देत नाही, राहत्या घरावर कर्ज काढून पाठवण्याचा विचारही मनात आणू नका. तिथल्या बँकेचं कर्जही भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय घ्यायचं नसतं. आणि ताब्यानंतर तीन वर्षं चालणारे हप्ते? घर हातात आलंय आणि किंमत बाकी आहे, याला उधारीचा वास येतो. बिल्डर त्याला ‘पेमेंट प्लॅन’ म्हणेल. ‘चालतं हो, सगळेच घेतात’ हे उत्तर मला पुरत नाही, तुम्हालाही पुरू नये. सनदी लेखापालाकडून आणि तुमच्या बँकेकडून लेखी मत घ्या. ते मिळत नसेल तर तो प्लॅन सोडा.

क्रेडिट कार्डाचं तर बोलायलाच नको. कार्ड प्रवासात, खरेदीत वापरायला असतं. परदेशात घर घेणं हा भांडवली व्यवहार. तो बँकेत फॉर्म भरून, उद्देश लिहून, पॅन देऊन व्हायला हवा. दुबईच्या घरांसाठी कार्डावर आणि हवालाने गेलेल्या पैशांवर अंमलबजावणी संचालनालयाची नजर आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो आणि परदेशातल्या मालमत्तेच्या किमतीएवढी भारतातली मालमत्ता जप्त करायचीही तरतूद आहे. दहा हजार दिरहमसाठी कुणी तुमच्या दारात येईल असं म्हणत नाही मी. पण पुढचे पैसेही त्याच वाटेने जाऊ नयेत आणि गेलेले परत यावेत.

बँकेतून पैसे पाठवले की टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा करायचा कर, कापला जातो. माणशी वर्षाला दहा लाखांपर्यंत नाही, त्यावरच्या रकमेवर वीस टक्के. पहिल्या वर्षी यजमानांच्या खात्यातून साठ लाख गेले तर वरच्या पन्नास लाखांवर दहा लाख टीसीएस बँक आणखी मागेल. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. फ्लॅट त्याच आर्थिक वर्षात त्यांच्याच नावे विकला गेला असेल तर भांडवली नफ्याच्या करात तो जिरेलसुद्धा. पण पैसे पाठवताना ते दहा लाख हातात असावे लागतात, हे कुणी आधी सांगत नाही. माणसं ऐन हप्त्याच्या तारखेला धावपळ करतात.

‘कर शून्य’ हे अर्धसत्य आहे. भाड्यावर दुबई कर घेत नाही हे खरं. पण तुम्ही भारताचे रहिवासी, तुमचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. दुबईचं भाडं तुमच्या विवरणपत्रात यायला हवं, विकताना नफाही. शिवाय विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची एक स्वतंत्र अनुसूची असते. घर रिकामं असो, एक पैसा भाडं नसो, ते दरवर्षी तिथे दाखवावं लागतं. एक वर्ष विसरलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. वीस लाखांपर्यंतच्या परदेशी ठेवी-शेअर्सना अलीकडे थोडी सूट मिळाली, घरांना ती नाही. वयाच्या पंच्याहत्तरीत तुम्ही हे फॉर्म भरत बसणार आहात का, याचा विचार दोघांनी मिळून करा.

गोल्डन व्हिसाला किमान वीस लाख दिरहमची मालमत्ता लागते. साडेसात लाखांत तो मिळत नाही, विषय संपला. छोट्या घरांवर दोन वर्षांचा व्हिसा असतो, पण त्यासाठी मालकीपत्र हातात हवं, खड्डा खणलेला प्लॉट चालत नाही. आणि तुम्हाला मुलाकडे जाऊन राहायचं आहे ना? त्याला घराची गरजच नाही. पर्यटक व्हिसावर जाता येतं आणि मुलगा तिथल्या पगाराच्या अटीत बसत असेल तर आईवडिलांचा निवासी व्हिसा तो स्वतः काढू शकतो. तसंही चारशे फुटांच्या स्टुडिओत स्वयंपाकाचा ओटा, पलंग आणि सोफा एकाच खोलीत असतात. तिथे मुलगा, तुम्ही दोघं आणि उद्याची सून कशी राहणार, हे सेल्समनला विचारायचं राहून गेलं वाटतं.

आता मुलाच्या बाजूने हेच गणित मांडून बघा.

तो अनिवासी आहे. एलआरएसची मर्यादा, परदेशी कर्जाची मनाई यातलं काहीच त्याला लागू नाही. तिथली बँक परदेशी नोकरदाराला पहिल्या घरासाठी, घर पन्नास लाख दिरहमच्या आत असेल तर, किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज देते. बांधकाम चालू असलेल्या घराला मात्र पन्नास टक्केच. यावरून तिथल्या मध्यवर्ती बँकेला कुठल्या घरात जोखीम दिसते ते समजून घ्या. म्हणून त्याने तयार घर बघावं. साडेसात लाखांच्या घराला दीड लाख दिरहम पदरचे, चार टक्के नोंदणी, दोन टक्के एजंट आणि किरकोळ धरून दोन लाखांच्या आसपास रोख जमवावी लागेल. नोंदणी आणि दलालीचे पैसे २०२५ पासून कर्जात घालता येत नाहीत. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत राहावे लागतात, म्हणजे त्याला झेपेल का याचं उत्तर बँकच देईल. पहिल्यांदा घर घेणाऱ्या रहिवाशांसाठी दुबईने जुलै २०२५ मध्ये एक योजना आणली आहे, काही बिल्डर त्यात सवलतीचा भाव देतात. तीही त्याने बघावी. नाशिकमध्ये बसलेल्या तुम्हाला ती मिळत नाही.

तयार घराचा मोठा फायदा असा, की शनिवारी जाऊन बघता येतं. लिफ्ट किती वेळ लावते, पार्किंग मालकीपत्रात लिहिलंय का, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचा पाया तर खणत नाहीत ना. आणि एसीचं बिल. तिथे बऱ्याच इमारतींत थंड पाण्याची वाहिनी बाहेरच्या कंपनीकडून येते आणि तिचं भाडं, घरात कुणी राहो न राहो, मालकाच्या गळ्यात पडतं. ‘चिलर फ्री’, म्हणजे एसीच्या गारव्याचं वेगळं बिल नाही, अशी जाहिरात असली तर तो खर्च देखभालीत कितीने चढवलाय ते विचारायचं. मागच्या दोन वर्षांची देखभालीची बिलं विकणाऱ्याकडून मागायची. घरात भाडेकरू असेल तर त्याचा करार बघायचा, कारण स्वतः राहायला जायचं म्हणून त्याला उठवायला करार संपताना बारा महिन्यांची रीतसर नोटीस लागते. भाडं चेकने येतं, वर्षाचे एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांचे चेक. ते चेक नव्या मालकाकडे कसे येणार, हे विक्रीआधी ठरवून घ्यायचं. हे सगळं तिथे राहणाऱ्या माणसाला जमतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून जमत नाही.

तरीही बांधकाम चालू असलेलंच घर त्याला हवं असेल, तर आपल्या महारेरासारखी तिथेही व्यवस्था आहे. भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ अ‍ॅपवर प्रकल्पाचं नाव टाकलं की बांधकाम किती टक्के झालं ते दिसतं. २००७ च्या कायद्याने खरेदीदारांचे पैसे प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या खात्यातच, जायला हवेत. बिल्डरच्या किंवा एजंटच्या दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही. करारानंतर घराची ‘अकूद’ नोंद, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घराची भूमी विभागातली नोंद, त्याच्या नावाने झाली का, तेही बघायचं. यजमानांच्या टोकनची पावती काढून बघा, पैसे कुणाच्या नावे गेलेत ते. मला त्याचीच उत्सुकता आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. माणूस परदेशचा रहिवासी असताना तिथे घेतलेलं घर, तो कायमचा भारतात परत आला तरी त्याला ठेवता येतं, भाड्याने देता येतं, विकता येतं. फेमा कायद्यातच तशी मुभा आहे. परतल्यावर काही काळाने ते विवरणपत्रात दाखवावं लागेल, एवढंच. म्हणजे आज मुलाने घेतलेलं घर उद्या तो नाशिकला आला तरी त्याचंच. तेच घर तुमच्या नावावर असलं तर पहिल्या दिवसापासून इथल्या नियमांत.

तुम्हाला मदत करायची आहे, ती करा. एका आर्थिक वर्षात तुम्ही आणि यजमान, दोघांनी आपापल्या खात्यातून प्रत्येकी दहा लाखांपर्यंत ‘भेट’ म्हणून पाठवलंत, आणि त्या वर्षी बाहेर दुसरे पैसे पाठवले नसतील, तर टीसीएस लागत नाही. वीस लाख रुपये म्हणजे त्र्याऐंशी हजार दिरहम, त्याच्या दोन लाखांतला बराच भार हलका होतो. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर त्याला इथे कर नाही. साधं भेटपत्र करून ठेवा. ठेवींतून एवढंच, याच्या पलीकडे नाही. उसने म्हणून द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. अनिवासी नातलगाला रुपयांत दिलेलं कर्ज परदेशी नेता येत नाही.

आता मुलीचं. फ्लॅट यजमानांच्या कमाईचा आहे, तो कुणाला द्यायचा हा त्यांचा अधिकार, कायदा आड येत नाही. पण विचार करा, दुबईचं घर यजमानांच्या नावावर असतं आणि मृत्युपत्र नसतं, तर २०२३ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्याप्रमाणे बिगरमुस्लिम माणसाच्या मालमत्तेतली निम्मी पत्नीला आणि निम्मी मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद न करता, अशी वाटणी ठरते. म्हणजे मुलगी त्या स्टुडिओत हिस्सेदार. तुम्ही तिघांनी मिळून दुबईच्या न्यायालयात अरबी भाषांतरं, दूतावासाचे शिक्के असलेले दाखले घेऊन उभं राहायचं. आणि घर मुलाच्या नावावर, पैसे इंदिरानगरचे असं झालं तर तिला काहीच नाही, आणि तिला ते कोल्हापुरात कुणा नातेवाइकाकडून कळणार. दोन्हीपेक्षा इंदिरानगरचा फ्लॅट आहे तिथे असू द्या, भाडं खा, आणि यजमानांनी इथलं मृत्युपत्र करून कुणाला काय ते स्वच्छ लिहावं. मुलाला दिलेली भेट त्यात नमूद करता येते. मुलीला येत्या सुट्टीत नव्हे, फोनवर या आठवड्यातच सांगा.

मुलाला दोन प्रश्न विचारा. आणखी पाच वर्षं तू तिथे नक्की आहेस का? आणि उद्या नोकरी गेली तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का? ‘तुमच्या नावावर घ्या नाहीतर माझ्या, मला चालेल’ या उत्तरावरून तरी त्याने अजून घराचा विचार केलेला नाही असंच मला वाटतं. तसं असेल तर त्याने भाड्याने राहावं, पैसे साठवावेत. दुबईत घरं संपणार नाहीत. ‘शेवटचा एकच युनिट उरलाय’ हा मेसेज पुढच्या वर्षीही येईल, खात्री बाळगा.

टोकनचं मात्र आजच बघा. सही केलेला आरक्षण अर्ज शोधा, रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट आणि मुदत त्यात असते. ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं तरी मागा, करार झालेला नसताना कंपन्या कधी कधी बदनामी नको म्हणून देतात. मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर नको, बिल्डरच्या अधिकृत ई-मेलवर करा, एजंटला फक्त प्रत. यजमानांच्या नावाने चार ओळी पुरेत: अमुक तारखेला अमुक घरासाठी कार्डाने टोकन दिलं, विक्री करारावर सही केलेली नाही आणि करणार नाही, आरक्षण रद्द करून रक्कम त्याच कार्डावर परत करावी, यापुढे माझ्या कार्डावरून कोणतीही रक्कम वळती करू नये. मग बँकेला फोन करून त्या कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करून टाका. परतावा यायला त्याची आडकाठी होणार नाही ना, ते त्याच फोनवर विचारून घ्या.